मंडळाची ओळखपत्रे : इंकस्केपमध्ये फोटो जोडण्याची कृती

गणपती जवळ आले की मंडळाच्या कार्यकर्त्यांची ओळखपत्रे करायचे काम निघते आणि ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याच्या गळ्यात ते पडते. साठ-सत्तर कार्डे, प्रत्येकावर वेगळा फोटो, वेगळे नाव, वेगळी जबाबदारी. बाकी सगळे तेच. एकेक कार्ड हाताने करत बसले की मध्येच कुठेतरी एकाचे नाव दुसऱ्याच्या फोटोखाली जाते आणि ते कळते कार्डे लॅमिनेट होऊन आल्यावर. हेच काम इंकस्केपमध्ये एका साच्यावरून, यादी पुरवून, आपोआप करून घेता येते. इंकस्केप फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, आणि देवनागरी नीट लिहिते. सोबत येणारी दोन-तीन एक्स्टेन्शन्स आणि बाहेरून आणून बसवायचे एक, एवढ्यात भागते.

कृतीचा जीव एका निर्णयात आहे : फोटो फाइलच्या पोटात ठेवायचा, की बाहेर फोल्डरमध्ये ठेवून फाइलला नुसता जोडायचा. पोटात घेतलेला फोटो कुठेही न्या, हरवत नाही. पण तो बदलायचा तर हातानेच बदलावा लागतो. जोडलेला फोटो नाव बदलले की बदलतो, म्हणून यादीवरून कार्डे काढायची तर तोच हवा. आधी जोडायचे आणि पोटात घ्यायचेच असेल तर अगदी शेवटी, हा क्रम पाळला की पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

लागेल ते

इंकस्केप १.२ किंवा त्यापुढची आवृत्ती. कार्यकर्त्यांचे फोटो. नावांची यादी ठेवायला एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क. एक युनिकोड देवनागरी फॉन्ट. ‘एक टाइप’चा मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी छान चालतात, दोन्ही फुकट आहेत. जुन्या डीटीपी फॉन्टांचा इथे उपयोग नाही, कारण यादीतले युनिकोड नाव त्या फॉन्टात टाकले की निरर्थक चिन्हे उमटतात.

एक्स्टेन्शन चालते कसे

हे दोन मिनिटे वाचून घ्या. पुढे काही अडले तर कुठे पाहायचे ते यावरून कळेल.

इंकस्केपची फाइल एसव्हीजी असते, म्हणजे चित्राचे वर्णन करणारा साधा मजकूर. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने हे मानक २००१मध्ये जाहीर केले. सोडीपोडी नावाच्या प्रोग्रॅममधून २००३मध्ये फुटून निघालेल्या इंकस्केपने तेच आपले मूळ फाइलस्वरूप ठेवले. एसव्हीजी कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा : इथे चौकट, तिथे अक्षरे, आणि फोटोच्या जागी फोटोच्या फाइलचे नाव.

एक्स्टेन्शन म्हणजे बहुतेक वेळा दोन फाइलींची जोडी. एकीचे शेपूट ‘आयएनएक्स’. मेनूत नाव कुठे दिसावे आणि खिडकीत कोणते प्रश्न विचारावेत, एवढे ती सांगते. दुसरी पायथन भाषेतली. खरे काम ती करते. तुम्ही ‘अप्लाय’ दाबले की इंकस्केप तुमच्या चित्राची एक तात्पुरती प्रत लिहून त्या पायथन प्रोग्रॅमच्या हाती देते, सोबत तुम्ही काय निवडले आहे तेही सांगते. प्रोग्रॅम मजकुरात फेरफार करून प्रत परत देतो आणि इंकस्केप ती पडद्यावर मांडते.

यातून तीन गोष्टी निघतात. पोटात मोठे फोटो असलेली फाइल असेल तर प्रत्येक वेळी तो सगळा बोजा इकडून तिकडे जातो, म्हणून एक्स्टेन्शन रेंगाळते. चित्र एकदाही सेव्ह केलेले नसेल तर जोडलेला फोटो कोणत्या फोल्डरच्या अंगाने शोधायचा ते प्रोग्रॅमला समजत नाही, म्हणून आधी सेव्ह. आणि तिसरी : पायथनची फाइल तुमच्या संगणकावर तुमच्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम आहे. कुठून तरी कुणीतरी पाठवले म्हणून ते बसवू नका.

१. फोटो एका मापाचे करा

कार्ड एटीएम कार्डाच्या मापाचे धरू. ते आंतरराष्ट्रीय मानकाने ८५.६० × ५३.९८ मिमी असते. आपण उभे ५४ × ८६ मिमी घेऊ, कारण तयार प्लास्टिकचे पाऊच आणि गळ्यातल्या पट्ट्या या मापाला सहज मिळतात. त्यावर फोटोची जागा २८ × ३६ मिमी ठेवा. पासपोर्ट फोटोचे ३५ × ४५ मिमीचे प्रमाण त्यात तंतोतंत बसते.

छपाईला इंचामागे ३०० ठिपके पुरतात. त्या हिशेबाने २८ मिमीला सुमारे ३३१ आणि ३६ मिमीला ४२५ पिक्सेल लागतात. थोडी सढळ सोय म्हणून सगळे फोटो ४२० × ५४० पिक्सेलना आणा. मोबाइलचा मूळ फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो, तो तसाच वापरून कार्डावर काही जास्त दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला दबलेला फोटोसुद्धा या मापाला चालून जातो. चालत नाही तो ग्रुप फोटोतून कापून पाठवलेला चेहरा. तो परत मागा.

लहान करताना आणखी एक गोष्ट होऊन जाते. फोन फोटो आडवा साठवतो आणि ‘हा उभा दाखवा’ अशी टीप सोबत ठेवतो. ती टीप सगळेच प्रोग्रॅम वाचतात असे नाही. लहान करून नव्याने सेव्ह करताना फोटो खरोखर उभा करून घ्या. फोटो बरेच असतील तर इमेजमॅजिकसारखे साधन एका आज्ञेत अख्खा फोल्डर उरकते.

फाइलींना नावे द्यायची ती आकड्यांची : ००१, ००२, ००३. माणसांची नावे, मोकळ्या जागा, कंस काही नको. शेपूट सगळ्यांचे एकच, लहान अक्षरांत ‘जेपीजी’. लिनक्सवर मोठ्या अक्षरांतले शेपूट म्हणजे वेगळी फाइल.

२. साचा मांडा

नवी फाइल उघडून पानाचे माप ६० × ९२ मिमी करा. म्हणजे कार्डाभोवती चारी बाजूंनी ३ मिमी कटिंगची जागा राहते. पार्श्वभूमीचा रंग कडेपर्यंत न्या, अक्षरे मात्र कापायच्या रेषेपासून निदान ४ मिमी आत. फाइल सेव्ह करा आणि फोटोंचा फोल्डर तिच्या शेजारीच ठेवा.

एक नमुना फोटो तयार करा. त्याचे नाव असे ठेवा की फाइलीत दुसरीकडे कुठेच तसा मजकूर येणार नाही. इंग्रजी अक्षरांत ‘नमुनाफोटो’ ठीक. याचे कारण सातव्या पायरीत कळेल. हा फोटो फाइल मेनूतल्या ‘इम्पोर्ट’ने आणा. इंकस्केप विचारते : ‘एम्बेड’ की ‘लिंक’? लिंक निवडा. हा प्रश्न आलाच नाही, तर कधीतरी कुणीतरी ‘पुन्हा विचारू नका’ची खूण केली आहे, प्रेफरन्सेसमध्ये ‘इम्पोर्टेड इमेजेस’ या पानावर तो परत चालू करता येतो.

नावाच्या आणि जबाबदारीच्या ओळी मध्यभागी जुळवून लिहा. यादीतले सगळ्यांत लांब नाव आधी टाकून पाहा. यादीवरून कार्डे काढणारे एक्स्टेन्शन अक्षरे लहान करून देत नाही. लांब आडनाव चौकटीबाहेर गेले तर ते तसेच छापून येईल. मापाचा निर्णय त्या एका नावावरून घ्या, बाकीची आपोआप बसतात.

३. फोटोची चौकट पक्की करा

ही पायरी सहसा कुणी करत नाही आणि मग अर्ध्या मंडळाचे चेहरे पसरट येतात.

इंकस्केप फोटो आणते तेव्हा फाइलीत त्याच्यापुढे लिहून ठेवते की प्रमाण राखायची गरज नाही, दिलेल्या चौकटीत ताणून बसवा. नमुना फोटो ७ला ९ प्रमाणात असेल तर काहीच जाणवत नाही. पण त्या जागी कुणाचा ३ला ४ प्रमाणातला फोटो आला की तो थोडा रुंद होतो, आणि आडवा फोटो आला तर माणूस ओळखू येत नाही. सगळे फोटो एका मापाचे केले असले तरी ऐन वेळी येणारा एखादा फोटो कुणीतरी परस्पर फोल्डरमध्ये टाकतोच.

उपाय इंकस्केपसोबतच येतो. फोटो निवडा, वरच्या पट्टीत कुलूप उघडे ठेवून रुंदी २८ आणि उंची ३६ मिमी द्या. मग ‘एक्स्टेन्शन्स’ मेनूत ‘इमेजेस’खाली ‘सेट इमेज अ‍ॅट्रिब्यूट्स’ उघडा आणि प्रमाणाच्या पानावर जा. तिथे दोन याद्या दिसतात. पहिलीत फोटो चौकटीत कुठे टेकवायचा ते ठरते, दुसरीत फोटो चौकटीत मावेल इतका लहान करायचा की चौकट भरेल इतका मोठा करून उरलेला कापायचा. पहिलीत ‘एक्स-मिड, वाय-मिन’ घ्या, दुसरीत ‘स्लाइस’. ‘फक्त निवडलेल्या चित्राला’ हा पर्याय ठेवून अप्लाय.

अर्थ असा : आडव्या दिशेने मधोमध, उभ्या दिशेने वरच्या कडेला चिकटून, आणि चौकट पूर्ण भरून. ३ला ४चा फोटो २८ मिमी रुंद केला की ३७.३ मिमी उंच होतो, उरलेले १.३ मिमी खालून, छातीच्या बाजूने कापले जातात, डोक्यावरून नाही. आडवा ४ला ३चा फोटो ३६ मिमी उंच केला तर ४८ मिमी रुंद होतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी १०-१० मिमी जातात. माणूस मध्यभागी उभा असेल तर चेहरा शाबूत राहतो. ‘वाय-मिड’ ठेवले असते तर उभ्या फोटोंत केस कापले गेले असते.

एक अट. प्रेफरन्सेसमध्ये ‘बिहेव्हियर’, त्यात ‘ट्रान्सफॉर्म्स’ इथे ‘ऑप्टिमाइज्ड’ हा मूळ पर्याय चालू असू द्या. ‘प्रिझर्व्ड’ असेल तर इंकस्केप फोटोचे मूळ माप तसेच ठेवून ताणलेपण वेगळे नोंदवते आणि वरची युक्ती लागू पडत नाही.

फोटो गोल हवा असेल तर त्यावर वर्तुळ काढून दोन्ही निवडा आणि ‘ऑब्जेक्ट’ मेनूतून ‘क्लिप’ लावा. आतला फोटो बदलला तरी वर्तुळ राहते. तरी ओळखपत्राला चौकोनच बरा. बंदोबस्तावरच्या पोलिसाला चेहरा दिसायला हवा, सजावट नाही.

४. मंडळाचे बोधचिन्ह

बोधचिन्ह मूळ स्वरूपात कुणाकडेच नसते. असते ती गेल्या वर्षीच्या फ्लेक्सची धूसर जेपीजी. ती रेषांत बदलून घ्यायची तर आधी साफसफाई.

चित्र निवडा. ‘एक्स्टेन्शन्स’ मेनूत ‘रास्टर’ नावाचा गट आहे. त्यात तीसेक क्रिया आहेत आणि त्यांतल्या बहुतेक गंमत म्हणून पाहायच्या. आपल्याला दोन-तीनच लागतात. ‘डिस्पेकल’ने जेपीजीचे तुरळक ठिपके जातात. ‘लेव्हल’ने काळा अधिक काळा आणि पांढरा अधिक पांढरा होतो. चित्र गटात अडकलेले असेल तर या क्रिया त्याला लागत नाहीत. आधी गट सोडवा. आणि हे ध्यानात असू द्या की ‘फिल्टर्स’ मेनूतला परिणाम वरून घातलेला असतो, कधीही काढता येतो. ‘रास्टर’ थेट ठिपकेच बदलतो आणि बदललेले चित्र फाइलीच्या पोटात घेतो. डिस्कवरची मूळ जेपीजी जशीच्या तशी राहते. काही पॅकेजांत हा गट नसतोच; नसेल तर साफसफाई गिंपमध्ये करून आणा.

मग ‘पाथ’ मेनूतले ‘ट्रेस बिटमॅप’. यामागे पीटर सेलिंजर यांचा पोट्रेस हा प्रोग्रॅम आहे. एकरंगी चिन्हाला ‘ब्राइटनेस कटऑफ’ पुरे; आकडा वाढवला की काळा भाग वाढतो, कमी केला की बारीक रेषा तुटतात. ‘स्पेकल्स’ थोडे वाढवा, ‘स्मूथ कॉर्नर्स’ कमी ठेवा. तयार झालेली आकृती मूळ चित्राच्या बरोबर वर बसते, त्यामुळे काहीच झाले नाही असे वाटते; ती बाजूला ओढा आणि खालचे चित्र पुसा.

चिन्हात मंडळाचे नाव असेल तर ट्रेस झालेली अक्षरे टाकून द्या आणि फॉन्टात नव्याने लिहा. देवनागरीची शिरोरेषा ट्रेसमध्ये लाटेसारखी येते, कान्याचे कोपरे गोल होतात आणि अनुस्वार कधी शेजारच्या मात्रेत मिसळतो. कितीही आकडे बदलले तरी ते सुधारत नाही.

५. बाहेरचे एक्स्टेन्शन बसवा

यादीवरून कार्डे काढायला ‘नेक्स्टजनरेटर’ घ्या. जुन्या ‘जनरेटर’च्या कल्पनेवरून मारेन हाखमान यांनी ते इंकस्केपच्या नव्या आवृत्त्यांसाठी लिहिले आहे, फुकट आहे, आणि काम एवढेच करते की साच्यातल्या खुणांच्या जागी यादीतला मजकूर घालून प्रत्येक ओळीची वेगळी फाइल काढते.

आधी ‘एक्स्टेन्शन्स’ मेनूत तळाशी ‘मॅनेज एक्स्टेन्शन्स’ आहे का पाहा आणि तिथे शोधा. न सापडल्यास झिप उतरवून उलगडा. इंकस्केपच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘सिस्टिम’ या पानावर ‘युजर एक्स्टेन्शन्स’ची वाट लिहिलेली असते आणि शेजारी ‘ओपन’ बटण असते. ते दाबून जो फोल्डर उघडेल त्यातच आयएनएक्स आणि पायथन या दोन्ही फाइली टाका. लिनक्सवर स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधून घेतलेल्या इंकस्केपचा फोल्डर वेगळ्याच जागी असतो, म्हणून कुणाच्या तरी सल्ल्यावरून पत्ता टाइप करत बसू नका. बटण चुकत नाही.

इंकस्केप बंद करून पुन्हा उघडा. मेनूत नाव आले नाही किंवा करडे दिसले, तर सेटिंगच्या फोल्डरमध्ये ‘एक्स्टेन्शन-एरर्स’ या नावाची लॉग फाइल असते. कोणती गोष्ट कमी पडली ते तिच्यात लिहिलेले असते. बहुतेक वेळा दोनांपैकी एकच फाइल टाकलेली निघते. दुसरे नेहमीचे कारण वय. इंकस्केप १.० मे २०२०मध्ये आले आणि पायथन ३वर गेले. त्याआधीची, पायथन २साठी लिहिलेली एक्स्टेन्शन्स नव्या इंकस्केपमध्ये लांबलचक त्रुटी दाखवून थांबतात. ती दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, नवी आवृत्ती शोधा.

६. यादी

चार रकाने : अनुक्रमांक, नाव, जबाबदारी, फोटो. रकान्यांची शीर्षके इंग्रजी लहान अक्षरांत, मोकळी जागा न ठेवता. फोटोच्या रकान्यात फाइलचे पूर्ण नाव, शेपटासकट.

सीएसव्ही म्हणून सेव्ह करताना एक्सेलमध्ये नुसते ‘सीएसव्ही’ नको, ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ घ्या. नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. कॅल्कमध्ये अक्षरसंच म्हणून यूटीएफ-८ निवडा. एक्सेल या फाइलीच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण ठेवते, आणि वाचणारा प्रोग्रॅम सावध नसेल तर ती पहिल्या शीर्षकाला चिकटून तो रकाना ओळखू येईनासा होतो. पहिला रकाना अनुक्रमांकाचा ठेवायचा तो यासाठी : कार्डावर तो लागत नाही, बिघडला तरी बिघडू दे.

नावे कुणाकडून तरी तपासून घ्या ती याच टप्प्यावर, एक्सेलची प्रिंट काढून. ज्याचे त्याने नावापुढे सही केली तर उत्तम. र्‍हस्व-दीर्घावरून कार्ड परत येते ते छापल्यावर.

७. कार्डे काढा

साच्यात नावाच्या जागी खूण लिहा : टक्क्याचे चिन्ह, मोठ्या इंग्रजी अक्षरांत व्हीएआर, अंडरस्कोअर, रकान्याचे शीर्षक, पुन्हा टक्क्याचे चिन्ह. मध्ये मोकळी जागा नको. जबाबदारीच्या ओळीतही तसेच. खुणेतली सगळी अक्षरे एकाच रंगात, एकाच वजनात असू द्या. मधलेच अक्षर ठळक झाले की फाइलीत ती खूण दोन तुकड्यांत लिहिली जाते आणि एक्स्टेन्शनला सापडत नाही.

फोटो हा मजकूर नाही, म्हणून त्याची नोंद वेगळी. नेक्स्टजनरेटरच्या खिडकीत मजकुराशिवायच्या गोष्टींसाठी एक ओळ असते. तिथे फोटोच्या रकान्याचे शीर्षक आणि साच्यातल्या नमुना फोटोचे नाव यांची जोडी लिहायची. कशी लिहायची त्याचा नमुना मदतीच्या पानावर आहे. अवतरणचिन्हे आणि कंस तिथल्यासारखेच ठेवा. एक्स्टेन्शन फाइलभर ते नाव शोधते आणि जिथे सापडेल तिथे बदलते. नमुन्याचे नाव नुसते ‘१’ असते तर फाइलीतला प्रत्येक एक, मापांतले सुद्धा, बदलला गेला असता.

सीएसव्हीची वाट द्या, फाइली कुठे ठेवायच्या तो फोल्डर द्या. निघणाऱ्या फाइलीच्या नावातही खूण चालते. तिथे अनुक्रमांक नको, फोटोचा रकाना वापरा, म्हणजे कुठले कार्ड कुणाचे ते शोधता येते.

सगळी यादी लगेच चालवू नका. दोन ओळींची वेगळी सीएसव्ही करून चालवा. नावे आली आणि फोटो आले नाहीत, तर एक्स्टेन्शनची तात्पुरती प्रत दुसऱ्याच फोल्डरमध्ये बसून फोटो शोधते आहे असे समजा. यादीतल्या फोटोच्या रकान्यात फाइलची पूर्ण वाट लिहा आणि साच्यातला दुवाही त्याला जुळेल असा करा. दोन कार्डे बरोबर आली की मग सगळी. प्रत्येक कार्ड स्वतंत्रपणे काढले जाते, त्यामुळे वेळ लागतो आणि इंकस्केप अडकल्यासारखे दिसते. बंद करू नका, ज्या फोल्डरमध्ये फाइली येत आहेत तो उघडून आकडा वाढतो आहे का पाहा.

८. प्रेसला काय द्यायचे

स्वरूप पीडीएफ घ्यायचे की पीएनजी, हे प्रेसवाल्याला विचारून ठरवा. पीडीएफ थेट छपाईला जाणार असेल तर उत्तम. फोटो तिच्यात आपोआप येतात. पण कार्डे शीटवर मांडण्यासाठी ती कोरलमध्ये उघडली जाणार असेल, तर जोडाक्षरे फुटण्याची भीती असते. तिथे सरळ ६०० डीपीआयची पीएनजी द्या. ६० × ९२ मिमीचे कार्ड मग १४१७ × २१७३ पिक्सेलचे होते, आणि एवढ्या लहान कार्डावर अक्षराची कडा ठिपक्यांची आहे हे भिंगाशिवाय कळत नाही.

आडव्या ए-४ शीटवर कटिंगच्या जागेसह ८ कार्डे बसतात. ती जागा न ठेवता कडेला कड लावली तर १०. पार्श्वभूमी पांढरी असेल तर दहाची मांडणी बिनधास्त करा. रंगीत असेल तर आठच, नाहीतर कापताना शेजारच्याचा भगवा तुमच्या कार्डाच्या कडेला येतो. भगव्यावरून आठवले : इंकस्केप पडद्याच्या आरजीबी रंगांत काम करते, छपाई सीएमवायकेत होते, आणि सर्वांत जास्त मार खातो तो झगझगीत केशरी. एक कार्ड छापून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

कुणाला साचाच पाठवायचा असेल, दुसऱ्या मंडळाला किंवा पुढच्या वर्षीच्या मुलांना, तर त्याची प्रत काढा आणि त्या प्रतीवर ‘एक्स्टेन्शन्स’, ‘इमेजेस’, ‘एम्बेड इमेजेस’ चालवा. न चालवता नुसती एसव्हीजी पाठवली तर समोरच्याला फोटोच्या जागी लाल फुली दिसते. पोटात घेतलेला फोटो फाइलीत अक्षरांच्या रूपात लिहिला जातो आणि तीन बाइटांना चार अक्षरे लागतात, म्हणून आकार तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. ४२० × ५४०च्या फोटोला याने काही फरक पडत नाही.

उलट वेळही येते. गेल्या वर्षीची फाइल मिळते, तिच्यात फोटो पोटात आहे आणि बाहेरची मूळ फाइल कुणाकडेच नाही. तेव्हा त्याच गटातले ‘एक्स्ट्रॅक्ट इमेज’ वापरून तो फोल्डरमध्ये बाहेर काढा, आतला पुसा आणि बाहेरचा लिंक करून परत आणा. चौकटीची तिसरी पायरी मात्र पुन्हा करावी लागेल.

कार्डे वाटून झाली की फोटोंचा फोल्डर स्वतःच्या लॅपटॉपवरून काढून टाका आणि मंडळाच्या जबाबदार माणसाकडे एक प्रत द्या. लोकांनी फोटो ओळखपत्रासाठी दिलेले असतात. साचा आणि यादी तेवढी जवळ ठेवा. स्थापनेच्या आदल्या रात्री आणखी दोन-चार नावे येणार हे धरून चाला. तेव्हा मूळ यादीला हात लावायचा नाही. तेवढ्याच ओळींची नवी सीएसव्ही करायची, फोटोंचे आकडे पुढचे द्यायचे आणि सातवी पायरी पुन्हा चालवायची.